कवडीच्या दोऱ्याचं माप

हिंगोली
२८ नोव्हेंबर २०००

पुजाताई,

पाकीट आलं. माझ्या नावाचं न्हाई, माझ्या कॉलेजातल्या हनुमानच्या नावाचं. पत्ता मात्र आपल्याच घराचा, काहून की तो हॉस्टेलला राहतो अन् हॉस्टेलचं टपाल कुठं जातं ते वॉर्डनला पण माहीत न्हाई. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. वर तुझं अक्षर. मी खुश होऊन फाडणारच होतो, तेवढ्यात नाव वाचलं. चि. हनुमान यास. ताई, तो तुझा कोण लागतो? राखीला आलीस तेव्हा एकदा पाहिलंस त्याला, ते पण अर्धा तास.

राग न्हाई आला. फक्त विचारून राहिलो.

मी तुला दिवाळीच्या आधी बारा प्रश्न पाठवले होते. नंबर टाकून, कॉलम पाडून. फलाटाची उंची, रुळापासून फलाट किती लांब, खोलीची भिंत किती, सगळं मिलिमीटरमधे. दारव्ह्याची ती नॅरो गेज गाडी रोज तुझ्या घरासमोरून जाती. तुला फक्त स्टेशनवर जाऊन टेप लावायचा होता. एका प्रश्नाचं उत्तर आलं न्हाई. मला माहीत हाय काहून. मी दिवाळीला तुला आणायला आलो न्हाई म्हणून. माझी टेस्ट होती ताई. बाबांनी न्हाई तरी याडीनं सांगितलं असंल तुला. टेस्ट एकाच दिवसाची होती, हे पण सांगितलं असंल तिनं.

अन् हनुमाननं काय पाठवलं? त्याच्या मायनं, भागाबाईनं, कातलेला लोकरीचा गुंडा अन् वहीच्या कागदावर चार ओळी. 'ताई, आकडे नको. दोरा जमिनीवर सैल ठेवा, ताणू नका. जिथून सुरू तिथं एक गाठ, जिथं संपंल तिथं एक गाठ.' बस. तर तू लगेच गेलीस, मोजलंस, अन् तीन दोरे पाठवून दिले. वर त्यांना निशाण पण लावलं. दोन रुळांमधल्या अंतराच्या दोऱ्याला काच, रुळापासून फलाटाच्या कडेपर्यंतच्या दोऱ्याला कवडी, खोलीच्या भिंतीच्या दोऱ्याला मणी. तुझ्या जुन्या घागऱ्याचे, फेटियाचेच हायेत ना ते? मी वळखले. मला काही सांगायची गरज न्हाई पडली.

तुला वाटंल, एवढं काय. तर ऐक. आपला जिल्हा होऊन दीड वर्षच झालं. नव्या जिल्ह्याचं मोठं विज्ञान प्रदर्शन हाय सहा जानेवारीला. आमचा लेआउट कॉलेजच्या वतीनं जाणार. पहिला आला की औरंगाबाद. लेआउट म्हणजे सहा बाय चारच्या प्लायवर आख्खं स्टेशन, रूळ, डोंगर, अन् चालणारी गाडी. आयडिया माझी. लायब्ररीतल्या इंग्लिश पुस्तकात मी वाचलं की तुमची लाईन अडीच फुटाची, म्हणजे आपल्या हिंगोलीच्या मीटर गेजहून पण बारीक. अडीच फूट म्हणजे तीस इंच. तिसाव्या हिश्शानं बनवलं तर रुळांमधलं अंतर बराबर एक इंच! हे गणित मी केलं, ताई. मी.

अन् हनुमाननं काचेचा दोरा घेतला, त्याच्या आधी पाच घड्या घातल्या, मग तीन, मग दोन, म्हणजे तीस पदर. दोन्ही गाठी एकमेकीपाशी आणल्या अन् घडी माझ्या पट्टीवर ठेवली. एक इंच. एक मिलिमीटर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. म्हणला, "दोरा खोटं बोलत न्हाई गड्या."

सगळे त्याच्याकडंच बघून राहिले. बाबा सुद्धा. बाबा एसटी डेपोतून आले होते, टोपी पण काढली न्हाई, म्हणले, "हे पोरगं हुशार हाय." तीस इंचाचं गणित मी केलं तेव्हा बाबा म्हणले होते, "जेवून घे."

तुझ्या पत्रातली एक ओळ त्यानं मला वाचून दाखवली. 'भाऊ, मला आजपर्यंत कोणी काही मोजायला सांगितलं न्हाई, लई मज्जा आली.' ताई, मी बारा प्रश्न पाठवले होते.

रणजीत

हिंगोली
१९ डिसेंबर २०००

पुजाताई,

उत्तर न्हाई तुझं. असू दे.

काम चांगलं चालू हाय. तुझ्या खोलीतच मांडलंय सगळं, खाटेवर प्लाय टाकून. रूळ सायकलच्या स्पोकचे. स्लीपर म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, त्या तुराटीच्या. अडीचशे तुकडे कापले, त्यातले दीडशे तरी मी. खडी म्हणून चाळलेला मुरूम. चाकं शिलाई मशीनच्या बॉबिनची, इंजिनात टेपरेकॉर्डरची मोटर अन् पेन्सिल सेल. मोटरचं कनेक्शन मी केलं. गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा याडीनं हळद-कुंकू लावलं. कुणाला? इंजिनाला, अन् मग हनुमानला. मी सेल धरून उभा होतो.

अन् तो गवत कशाचं करून राहिला माहीत हाय? मेंढीची लोकर, हिरव्या रंगात बुडवलेली. फिजिक्सचे सर आले, बोटानं कुरवाळलं, म्हणले, "वा! हे कुणाचं डोकं?" मी म्हणलं, "सर, आमचं दोघांचं." हनुमान काही बोलला न्हाई. त्याचं हेच मला आवडत न्हाई. बोलला असता तर भांडता आलं असतं.

तू पत्रात लिहिलंस म्हणे की फाटकापाशी गाडी थांबती, खलाशी उतरून फाटक लावतो, गाडी पुढं जाती, मग तो फाटक उघडून पळत येऊन चढतो. हनुमाननं फाटक बसवलं अन् बारका मातीचा खलाशी पण. मला ते तू कधी सांगितलं न्हाईस. लग्न होऊन दोन वर्षं झाली. मी कधी विचारलं न्हाई, हे पण खरंय.

लोकर ताणती, ताई. हे सायन्स हाय. उन्हात वेगळी, थंडीत वेगळी. मी हनुमानला सांगितलं, दोऱ्यावर एवढा भरोसा ठेवू नको, पुस्तकातून माप काढू. तो म्हणला, "पुस्तकवाल्यानं ताईचं स्टेशन पाह्यलं हाय का?" सगळे हसले. मी पण हसलो.

परवा रविवारी तो गावाकडं गेला होता, नरसीला. दोरे आपल्या घरीच होते. मी काही हात लावला न्हाई, फक्त बघितले. काल त्यानं कवडीच्या दोऱ्यानं फलाट बसवला, फेव्हिकॉल लावून पक्का. इंजिन अन् मालडबा जोडून ट्रायल घेतली. छान गेली. प्रवासी डबा अजून व्हायचाय. तो हनुमान एकटाच करून राहिला, खिडक्यांना एक्स-रेची फिल्म लावून, मला हात लावू देत न्हाई.

तू प्रदर्शनाला येणार म्हणे. थावरादाजीनं हो म्हणलं म्हणे. मला हनुमानकडून कळलं. आपल्या घरी कोण कधी येणार ते मला आता नरसीच्या माणसाकडून कळतं.

ये. लेकराला स्वेटर घाल, इकडं थंडी हाय.

रणजीत

हिंगोली
१२ जानेवारी २००१

पुजाताई,

तू याडीनं केलेल्या पोळ्या पण नेल्या न्हाईस. सकाळी उठलो तर तू गेलेली. बाबा म्हणले, पहिल्या वाशीम गाडीनं गेली. आठ दिवस राहणार होतीस.

माझी बाजू ऐकून घे. तू चिडलीस, पण सगळं इतक्या फास्ट झालं.

प्रदर्शनात प्रमुख पाहुणे येईपर्यंत सगळं परफेक्ट होतं. डबा सकाळीच वाळला होता, म्हणून ट्रायल झाली न्हाई. किती सुंदर डबा ताई, आत बाकं सुद्धा. पाहुण्यांनी बटण दाबलं. इंजिन फलाटावरून गेलं. मालडबा गेला. प्रवासी डबा फलाटाला घासला, अडकला, अन् एका अंगावर पडला. खिडकीची फिल्म फाटली. पाहुणे म्हणले, "अरे, प्रवासी उतरायच्या आधी डबाच उतरला!" मग सगळा हॉल हसला. तू पाहिलंसच, लेकराला काखेत घेऊन समोर उभी होतीस.

सरांनी विचारलं, "फलाटाचं माप कुणी घेतलं?"

हनुमान म्हणला, "मी, सर. माहं चुकलं."

तेव्हा मी बोललो. मी फक्त खरं काय ते सांगितलं, की मापं दारव्ह्याहून आली, माझ्या बहिणीनं लोकरीच्या दोऱ्यानं घेतली. लोकर ताणती. सर हसले न्हाईत, पाहुणे हसले. म्हणले, "बहिणीला फूटपट्टी घेऊन द्या." मला काय माहीत ते असं म्हणतील. तुझ्याकडं बोट दाखवायचं मला कारण नव्हतं, पण ते म्हणले कुठंय बहीण, तर बोट आपोआप गेलं.

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. औरंगाबादला कळमनुरीचा सौर बंब चालला.

माणसाकडून चूक होती. तू पण माणूसच. एवढं मनावर घ्यायची गरज न्हाई.

हनुमान माझ्याशी बोलून राहिला, पण फक्त कामापुरतं. "सोल्डर दे." "बाजूला हो." त्याला पण तकलीफ झाली असंल, डबा मोडला त्याचा.

तू उत्तर लिही. एक ओळ लिही. शिव्या दे पाहिजे तर.

रणजीत

हिंगोली
४ फेब्रुवारी २००१

पुजाताई,

आज रविवार. सकाळी हनुमान आला. खिशातून पत्र काढलं, माझ्यापुढं धरलं, म्हणला, "वाच." पुन्हा तुझं अक्षर, पुन्हा त्याच्या नावाचं. मग वाचलं.

'हनुमान भाऊ, माझ्यामुळं तुझं हसं झालं. मी परत दोनदा स्टेशनावर जाऊन आले. एकदा गाडी यायच्या आधी, एकदा गेल्यावर. दोन्ही बारीला तेवढंच भरलं. तरी माझंच चुकलं असंल, मी सातवी शिकलेली. सासूबाई म्हणत्या, फलाट मोजायला गेली अन् माहेरचं नाक कापून आली. तांड्यातल्या बाया मला मोजणीवाली म्हणून हाक मारून राहिल्या. मोजणीवाली, आमचा बांध मोजून देती का. मी हसते. तू मनाला लावून घेऊ नको. रणजीतला राग असंल तर त्याला म्हण, ताई चुकली.'

मी पत्र घडी करून परत दिलं. हनुमान माझ्या तोंडाकडं बघून राहिला. पत्र खिशात ठेवलं अन् गेला.

तेव्हापासून मी चार कागद फाडले. आता फाडणार न्हाई.

तू चुकली न्हाईस.

डिसेंबरात हनुमान नरसीला गेला होता, त्या रविवारी मी कवडीचा दोरा घेतला. खोलीत कुणी नव्हतं. एका टोकाची गाठ सोडली अन् एक वीत आत घेऊन परत बांधली. पुढचं दोऱ्याचं टोक तसंच लोंबत ठेवलं, कुणाला कळू नये म्हणून. पाच मिनिटाचं काम. म्हणून फलाट रुळाच्या जवळ आला. इंजिन अन् मालडबा रुंदीला कमी, ते निघून गेले. प्रवासी डबा रुंद, तो अडकला. हे एवढंच हाय.

मला प्रदर्शनात डबा पाडायचा नव्हता. खरंच न्हाई. मला वाटलं, ट्रायललाच गाडी अडकंल, मग मी म्हणीन, बघ, लोकर ताणती. मग सगळे म्हणतील, रणजीतचं पुस्तक बराबर होतं. अन् मग हनुमान तुला लिहील की दोरा चुकला. अन् मग तू माझ्या बारा प्रश्नांचा कागद शोधशील. असा सगळा विचार केला होता मी. पण ट्रायलला गाडी अडकलीच न्हाई. तेव्हा बोलायचं होतं. रोज वाटायचं, आज बोलू. तो खिडक्यांना फिल्म लावत बसायचा, मी समोर बसून त्याला कात्री द्यायचो, अन् मला माहीत होतं की हा डबा तिथं जाणार न्हाई.

तरी बोललो न्हाई. काहून की तू येणार होतीस, त्याचं बघायला.

अन् हॉलमधे तो म्हणला, माहं चुकलं, तेव्हा मला वाटलं, हा अजून मोठा होऊन राहिला सगळ्यांसमोर. तू त्याच्याकडं कशी बघत होतीस ते मी पाहिलं. म्हणून तुझं नाव घेतलं. बोट आपोआप गेलं, असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं. मी एक सेकंद थांबलो होतो. विचार करून बोललो अन् बोट दाखवलं.

बाबा जेवायला बोलावून राहिले. हे पत्र अजून टाकत न्हाई. आधी हनुमानला सांगतो.

६ फेब्रुवारी

सांगितलं.

काल कॉलेज सुटल्यावर त्याला घरी आणलं, तुझ्या खोलीत. लेआउट अजून खाटेवरच हाय, फलाटावर डबा घासल्याची रेघ हाय. मी उभा राहूनच सगळं बोललो, तुला लिहिलं तसंच. मला वाटलं, मारंल. हात मोठे हायेत त्याचे.

तो म्हणला, "मला माहीत व्हतं."

मी म्हणलं, "कधीपासून?"

"प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवसापासून. डबा काहून अडकला म्हणून दोरे पुन्हा काढले. तीन दोरे, सहा गाठी. ताईच्या पाच गाठी एकसारख्या, तुमच्या बाया मणी ओवून मारतात तशा, दोन येढे अन् टोक आत. सहावी गाठ बुटाची." मग माझ्या पायाकडं बघितलं. "आमच्या घरात बुटं कुणी घालत न्हाई. ताईच्या बी न्हाई."

ताई, शाळेत पहिल्या आठवड्यात मॅडमनी शिकवलेली गाठ. मला दुसरी येतच न्हाई.

मी म्हणलं, "मग बोलला काहून न्हाईस? महिना झाला."

"बोलून काय? माहा डबा मोडला, ते माहं माहं. म्हणलं, बघू, हा सांगतो का. पण ताईचं पत्र आलं तवा म्हणलं, आता ह्याला वाचायला द्यावं. आज न्हाई बोलला असतास तर उद्या मीच लिव्हणार व्हतो तिला."

मी सॉरी म्हणलं. तो म्हणला, "ते इंग्रजी ठिव बाजूला."

मग त्यानं ब्लेडचं पातं घेतलं, फलाट खरवडून काढला. दोऱ्याची माझी गाठ सोडली. लोंबत्या टोकावर तुझ्या जुन्या गाठीचा वळ अजून तसाच होता, सुरकुती पडल्यासारखा, तिथं त्यानं तुझी गाठ पुन्हा मारली. पाच घड्या, तीन घड्या, दोन घड्या. फलाट नव्या ठिकाणी धरला अन् डबा हातानं ढकलला. गेला, ताई. मधे माझं नख बसंल एवढी जागा राहिली. दोनदा ढकलला, दोन्ही बारीला गेला.

मला वाटलं आता तरी हसंल. न्हाई हसला. डबा उचलला, शर्टाच्या पोटाशी धरला, म्हणला, "हा मी नेतो. लेआउट तुझा." दारात थांबला. म्हणला, "तुला हेवा काहून वाटला रे? बहीण तर तुझीच हाय." तुला सांगतो. मला असं वाटायचं की तू कुणाला एक पत्र लिहिलंस की माझ्या वाटणीचं एक कमी होतं. लिहून बघितलं तर किती येड्यासारखं वाटतं.

सकाळी सरांना पण सांगितलं. ते म्हणले, निकाल आता बदलत न्हाई, पण वहीत लिहून ठेवतो की माप बरोबर होतं. मी म्हणलं, सर, दोन ओळी कागदावर द्या. त्यांनी दिल्या, खाली सही अन् शिक्का. मराठीतच मागितल्या मी, दाजींना वाचता याव्या म्हणून.

मी शनिवारी येतो. पहाटेच्या गाडीनं वाशीम, तिथून बदलून. तू घ्यायला येऊ नको. मी आधी तुझ्या घरी येणार न्हाई, तांड्याच्या मधल्या लिंबाखाली जाईन, जिथं बाया पाण्याला जमतात. तिथं तो कागद वाचीन अन् कागदात नसलेलं पण सांगीन, गाठ कुणी बदलली ते. त्या हसतील. मला काय म्हणायचं ते म्हणतील. मग तुझ्या सासूबाईंना सांगीन. थावरादाजी शेतात असले तर ते येईपर्यंत ओट्यावर बसीन. तू बोललीस न्हाई तरी चालंल. पाणी दिलं न्हाई तरी चालंल. लेकराला दाखवू नको म्हणलीस तर बघणार न्हाई.

हे पत्र गुरुवारपर्यंत पोचावं म्हणून आत्ता पोस्टात टाकतो. तोपर्यंत एक कर. गाडी यायच्या आधी न्हाई, गेल्यावर न्हाई, त्या फलाटावर पुन्हा मोजायला जाऊ नको, ताई. तुझं बराबर होतं.

रणजीत